मत मंडळीचे, पैसा मिशनचा : जालन्याचे बेथेल आणि प्रिस्बिटेरियन कारभाराची मराठी कथा

१/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालना, औरंगाबाद आणि अहमदनगर ही तीन ठिकाणे बैलगाडीने काही दिवसांत गाठता येत. तिन्हीकडे मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्या होत्या. बायबल एकच, भाषा एकच, आणि गावातल्या बहुतेकांची पूर्वीची जातही सारखीच. तरीही प्रत्येक ठिकाणच्या मंडळीचा कारभार निराळ्या तत्त्वावर चाले. औरंगाबादेत पारशी समाजातून आलेले रतनजी नवरोजी चर्च मिशनरी सोसायटीचे, म्हणजे बिशपच्या अधिकाराखालचे, पाळक होते. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या प्रत्येक मंडळीस तत्त्वतः पूर्ण स्वायत्तता होती. जालना स्कॉटलंडच्या फ्री चर्चकडे होते आणि तेथे सत्ता ना बिशपकडे होती, ना एकट्या मंडळीकडे. ती सभांच्या एका उतरंडीकडे होती.

पुढे बिदरच्या बाजूने मेथडिस्ट आले आणि चौथी पद्धत आणली. उदगीर त्या काळी बिदर जिल्ह्यातच होते. १९५६च्या प्रांतरचनेत ते मराठवाड्याकडे आले. लातूर जिल्ह्यातील ख्रिस्ती कुटुंब आणि जालन्याचे ख्रिस्ती कुटुंब यांचा ‘चर्चचा कारभार’ आजही सारखा नसतो, त्याचे मूळ या जुन्या वाटणीत आहे.

या धाग्यात जालन्याच्या पद्धतीचा, प्रिस्बिटेरियन कारभाराचा, मागोवा आहे.

२/
शब्दापासून आरंभ करणे सोयीचे. ग्रीक ‘प्रेस्बुतेरोस’ म्हणजे वयाने किंवा मानाने ज्येष्ठ. मराठी बायबलात त्यासाठी ‘वडील’ हा शब्द आला आणि मंडळीतही तोच रुळला. मंडळी आपल्यातून काही वडील निवडते. पाळक आणि वडील मिळून जी सभा होते ती ‘सेशन’. कोणाला बाप्तिस्मा द्यावा, कोणाला प्रभुभोजनापासून काही काळ दूर ठेवावे, कोणाचा विवाह मान्य करावा, हे सेशन ठरवते.

एका प्रदेशातल्या सर्व मंडळ्यांचे पाळक आणि प्रत्येक मंडळीचा एक प्रतिनिधी वडील एकत्र आले की ‘प्रिस्बिटरी’ होते. अनेक प्रिस्बिटरींवर ‘सिनॉड’, आणि सर्वांवर ‘जनरल असेंब्ली’.

३/
या रचनेचा प्राण प्रिस्बिटरीत आहे, आणि बाहेरच्या माणसाच्या ध्यानात नेमके तेच येत नाही. पाळकाला दीक्षा प्रिस्बिटरी देते. मंडळीने पाळक निवडला तरी त्या निवडीवर शिक्कामोर्तब प्रिस्बिटरीचे. पाळकावर आरोप झाला तर चौकशीही तिचीच, कारण पाळक हा आपल्या मंडळीचा सभासद मानला जात नाही. तो प्रिस्बिटरीचा सभासद असतो. अध्यक्षाला ‘मॉडरेटर’ म्हणतात. त्याची मुदत ठरलेली असते आणि ती संपली की तो पुन्हा इतरांसारखाच एक सभासद होतो. बिशप जे एकटा करतो, ते येथे एक समिती मतदान करून आणि इतिवृत्त लिहून करते.

सेशनचा निर्णय मान्य नसेल तर प्रिस्बिटरीकडे दाद मागता येते, तेथून सिनॉडकडे, तेथून असेंब्लीकडे. मराठी इतिहासाच्या वाचकाला यावरून गोतसभा आणि ‘थळ’ आठवेल. एका थळीचा निवाडा पटला नाही तर वादी दुसरे थळ मागे, महजर होई, त्यावर पाटील-बलुतेदारांच्या निशाण्या पडत. फरक इतकाच की गोतसभेत माणूस वतनाच्या हक्काने बसे, आणि प्रिस्बिटरीतला वडील निवडून आलेला असे. हा फरक लहान नाही. ज्यांना गावच्या सभेत वेशीबाहेरून बोलावे लागे, त्यांच्यापैकी कोणी मंडळीचा वडील झाला तर नियमाने त्याचे मत स्कॉटिश मिशनऱ्याच्या मताइतकेच मोजले जाणार होते.

४/
ही पद्धत धर्मशास्त्राइतकीच राजकारणातून घडली. जिनीव्हात कॅल्व्हिनने १५४१मध्ये चर्चचे नियम घातले आणि वडिलांना शिस्तीच्या कामात आणले. स्कॉटलंडमध्ये १५६०मध्ये जॉन नॉक्सच्या पिढीने सुधारणा केली. पण प्रिस्बिटरीचा खरा आग्रह पुढच्या पिढीतल्या अँड्र्यू मेलव्हिलचा. १५८१पासून प्रिस्बिटरी प्रत्यक्ष उभ्या राहू लागल्या. राजा सहावा जेम्स याला त्या मनापासून नकोशा होत्या, कारण बिशप राजा नेमतो आणि प्रिस्बिटरी कोणीच नेमत नाही. पुढे सतराव्या शतकात या एका मुद्द्यावर स्कॉटलंडमध्ये लढाया झाल्या. तो सारा रक्तरंजित भाग येथे सोडून देऊ, कारण मराठवाड्याशी ज्याचा थेट संबंध येतो ते भांडण नंतरचे आहे.

५/
ते भांडण होते पाळक कोणी नेमावा याचे. स्कॉटलंडमधील गावोगावच्या जमीनदारांकडे ‘पेट्रनेज’ नावाचा हक्क होता. चर्चची जागा रिकामी झाली की उमेदवार तो जमीनदार पुढे करी. हा हक्क वारसाने चाले, विकताही येई. आपल्याकडच्या वतनासारखाच तो एक मालमत्तेचा प्रकार होता. १८३४मध्ये असेंब्लीने ठराव केला की मंडळीतील बहुसंख्य कुटुंबप्रमुखांनी नकार दिला तर तो उमेदवार प्रिस्बिटरीने स्वीकारू नये.

लगेच ऑक्टरार्डर या गावी कसोटी लागली. जमीनदाराने पाठवलेल्या उमेदवारास ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी नाकारले. बाजूने सही करणारे दोघेच होते. प्रिस्बिटरीने उमेदवार परत पाठवला. तो न्यायालयात गेला. १८३९मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की कायद्याने हक्क जमीनदाराचा आहे आणि मंडळीच्या नकाराला अर्थ नाही.

६/
१८ मे १८४३ रोजी एडिंबरोत जनरल असेंब्ली भरली. मावळत्या मॉडरेटरने निषेधपत्र वाचून टेबलावर ठेवले आणि तो बाहेर पडला. त्याच्यामागून रांगेने पाळक आणि वडील निघाले. सुमारे १२०० पाळकांपैकी ४७४ जणांनी घर, पगार आणि चर्चची इमारत सोडली आणि ‘फ्री चर्च’ स्थापन केले. नांदेडच्या वाचकांना या वादाचा गाभा परका वाटू नये. तख्त सचखंड श्री हुजूर साहिबचा कारभार १९५६च्या कायद्याने चालतो, आणि त्या मंडळावर निवडून आलेले किती असावेत, सरकारने नेमलेले किती, अध्यक्ष कोणी ठरवावा, यावरून शीख समाजात अगदी अलीकडेही असंतोष उसळला आहे. धर्म निराळा, शतक निराळे. प्रश्नाची जात एकच.

७/
भारतातल्या स्कॉटिश मिशनऱ्यांनी काय केले? सर्वांनी फ्री चर्चची बाजू घेतली. मुंबईत जॉन विल्सन यांनी शाळेसाठी वर्षानुवर्षे खटपट करून इमारत उभी करत आणली होती. इमारत कायद्याने जुन्या चर्चची ठरली. विल्सन विद्यार्थी घेऊन बाहेर पडले आणि पुन्हा आरंभापासून संस्था उभारू लागले. आजचे विल्सन महाविद्यालय ते हेच. इमारत कोणाची, हा प्रश्न या कथेत पुन्हा दोनदा येणार आहे. त्याची ही पहिली खेप.

८/
त्याच १८४३मध्ये मुंबईत विल्सन यांच्या परिवारातील एका ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचे नाव नारायण शेषाद्री. त्याचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहू लागला होता. तो अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्याला आईवडिलांच्या स्वाधीन केले. मग प्रश्न आला, मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या मुलाला जातीत परत घेता येईल काय? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला शुद्ध करून घ्यावे म्हणून पुढाकार घेतला आणि त्यावरून सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मराठी वाचकांना हे प्रकरण ‘श्रीपत शेषाद्री प्रकरण’ म्हणून ठाऊक असते. मात्र थोरल्या भावाचे पुढे काय झाले हे फारसे सांगितले जात नाही, आणि मराठवाड्याच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा.

९/
नारायण शेषाद्रींना १८५४मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली. योगायोग असा की त्याच वर्षी अहमदनगरला अमेरिकन मिशनने हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना दीक्षा दिली, आणि त्याच वर्षी बेळगावात बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा झाला. मराठी ख्रिस्ती समाजातील शिकलेली पहिली पिढी आता हिशेब मागू शकेल अशा वयाची झाली होती.

हिशेब मागायला कारण होते. दीक्षा झाल्याबरोबर नारायणराव प्रिस्बिटरीचे पूर्ण सभासद झाले. विल्सन यांचे एक मत, नारायणरावांचे एक मत. कागदावर यात कोठेही गोरा-काळा भेद नव्हता आणि प्रिस्बिटेरियन तत्त्वाप्रमाणे असूही शकत नव्हता. पण शाळा कोठे काढायची, कोणाला किती पगार द्यायचा, कोणते ठाणे चालू ठेवायचे आणि कोणते बंद करायचे, हे प्रिस्बिटरी ठरवतच नव्हती. ते ठरवी ‘मिशन कौन्सिल’. त्यात परदेशी मिशनरी बसत आणि ते एडिंबरोतल्या परदेशी मिशन समितीला उत्तरदायी असत.

१०/
म्हणजे एकाच प्रदेशात एकाच चर्चच्या दोन सत्ता होत्या. एक मतांची, दुसरी पैशांची. पहिलीत भारतीय पाळक समान होता. दुसरीत तो नोकर होता.

याचा पहिला उघड स्फोट कलकत्त्यात झाला. तेथील फ्री चर्चमध्ये लालबिहारी डे आणि त्यांचे दोन दीक्षित सहकारी यांनी १८५०च्या दशकात मागणी केली की आम्ही प्रिस्बिटरीत समान आहोत, तर मिशन कौन्सिलमध्येही आम्हाला जागा हवी. अलेक्झांडर डफ यांनी ती साफ नाकारली. डफ हे काही क्षुद्र मनाचे गृहस्थ नव्हते. भारतीयांना उच्च शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी आयुष्य वेचले होते. त्यांचा युक्तिवाद असा की कौन्सिल हे चर्चचे न्यायासन नसून देणगीदारांच्या पैशाचे व्यवस्थापन आहे. युक्तिवाद नियमाला धरून होता. तरी तो लंगडा होता, कारण ज्या चर्चने ‘मालमत्तेच्या जोरावर मंडळीचा हक्क डावलता येणार नाही’ म्हणून १८४३मध्ये घरदार सोडले, त्याच चर्चचे लोक भारतात मालमत्तेच्या जोरावर पाळकांना बाहेर ठेवत होते. कलकत्त्याच्या त्या तरुणांना ऑक्टरार्डरची गोष्ट त्यांच्याच गुरूंनी शिकवली होती.

११/
मुंबईकडे असा स्फोट झाला नाही. बाबा पदमनजी १८६७मध्ये पुण्यात फ्री चर्चचे पाळक झाले आणि काही वर्षांनी ते पद सोडून लेखन-संपादनाकडे वळले. ‘यमुनापर्यटन’ त्यापूर्वीच, १८५७मध्ये, प्रसिद्ध झाले होते. नारायण शेषाद्रींनी मात्र तिसरीच वाट धरली. ते मुंबईपासून दूर, निजामाच्या मुलखात, जालन्यास गेले.

जालना निवडण्याचे एक कारण सरळ आहे. तेथे ब्रिटिशांची छावणी होती. निजामाच्या राज्यात इंग्रजी कायदा चालत नसे, परंतु छावणीच्या आसपास मिशनचे काम करण्यास अडथळा कमी. १८६०च्या दशकात तेथे काम सुरू झाले. बाप्तिस्मा घेणाऱ्यांत मांग आणि महार अधिक होते. ब्राह्मण कुळातला पाळक आणि मांग-महारांची मंडळी हे चित्र त्या काळच्या मराठवाड्यात किती अनोखे असेल याची कल्पना करता येते.

१२/
बाप्तिस्म्यानंतर खरी अडचण भाकरीची असे. महार-मांगांचे गावातले पोट बलुत्यावर आणि वतनी कामांवर. गावाने पाठ फिरवली की बलुते बंद. दुसऱ्याच्या विहिरीवर हक्क आधीच नव्हता. म्हणून नारायणरावांनी निजाम सरकारकडून जमीन मिळवली. दिवाण होते पहिले सालारजंग, ज्यांनी १८५३पासून १८८३पर्यंत हैदराबादचा कारभार हाकला. त्या जमिनीवर जालन्याजवळ एक स्वतंत्र ख्रिस्ती गाव वसले. नाव ठेवले ‘बेथेल’, हिब्रूत त्याचा अर्थ देवाचे घर.

चर्चचा पाळक, गावाचा संस्थापक आणि सरकारदरबारी जमिनीसाठी बोलणारा माणूस, या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीत आल्या. मराठी माणसाच्या भाषेत सांगायचे तर पाळकच पाटील झाला.

१३/
येथे प्रिस्बिटेरियन तत्त्वाची मोठी पंचाईत होते. सारी रचना एका माणसाच्या हाती सत्ता एकवटू नये म्हणून केलेली. त्यासाठी वडील निवडायचे, त्यासाठी सेशन, त्यासाठी वरची सभा. पण ज्या गावात मंडळीचा प्रत्येक सभासद पाळकाने मिळवलेल्या जमिनीवर राहतो, त्या गावात निवडून आलेला वडील पाळकाच्या विरोधात मत कसा देणार? नियमाने तो देऊ शकत होता. व्यवहाराने ते अवघड होते. मिशन आणि भारतीय पाळक यांच्यात जी पैशाची विषमता होती, तिचेच लहान प्रतिबिंब भारतीय पाळक आणि त्याच्या मंडळीत पडले. यात नारायणरावांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. जमिनीशिवाय ती माणसे जगली नसती, आणि जमिनीसह ती पूर्ण मोकळी झाली नाहीत.

१४/
अंतर ही दुसरी पंचाईत. प्रिस्बिटरी मुंबईची, आणि जालना मुंबईपासून सुमारे चारशे किलोमीटर. रेल्वे पकडायची तर आधी बैलगाडीने निजामाची हद्द ओलांडून इंग्रजी मुलखात उतरायचे. पाळक हा प्रवास मिशनच्या खर्चाने करू शके. शेतात राबणाऱ्या वडिलाने पेरणीच्या दिवसांत तो कसा करावा? प्रतिनिधी वडिलाची जागा रिकामी राहिली की प्रिस्बिटरी आपोआप पाळकांची सभा होते, आणि मग ती बिशपच्या दरबारापेक्षा फारशी निराळी उरत नाही. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड या मार्गाने हैदराबादला जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९००च्या सुमारास सुरू झाली. तोवर बेथेलच्या संस्थापकाच्या मृत्यूला सुमारे दहा वर्षे लोटली होती.

१५/
नारायणराव स्वतः मात्र जगभर फिरले. १८७३मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत पागोटे घातलेला हा मराठी पाळक व्यासपीठावर होता. या दौऱ्यांतून बेथेलला परदेशी सहानुभूती आणि देणग्या मिळाल्या. याचा अर्थ असा की मिशन कौन्सिलच्या तिजोरीबाहेरचा पैसा उभा करण्याची वाट त्यांना सापडली होती. कलकत्त्याच्या तरुणांनी तिजोरीत वाटा मागितला. जालन्याच्या या गृहस्थाने तिजोरीला वळसा घातला. १८९१मध्ये त्यांचे निधन झाले. वळसा घालण्याचे सामर्थ्य त्यांच्या व्यक्तिमत्त्वात होते, संस्थेत नव्हते. त्यामुळे ते वारसाने कोणाला मिळाले नाही.

१६/
इकडे दक्षिण महाराष्ट्रात अमेरिकन प्रिस्बिटेरियनांची वेगळी शाखा वाढत होती. रॉयल वाइल्डर १८५२मध्ये कोल्हापुरास आले, आपल्या बोर्डाशी भांडले, मग काही वर्षे कोणाच्याही आधाराशिवाय काम करत राहिले आणि १८७०मध्ये कोल्हापूरचे काम अमेरिकन प्रिस्बिटेरियन बोर्डाकडे गेले. मिरजेला विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय याच मिशनचे. गंमत अशी की जालन्याची मंडळी स्कॉटलंडच्या असेंब्लीखाली आणि कोल्हापूरची अमेरिकेच्या असेंब्लीखाली. एका मराठी मंडळीच्या अपिलाची शेवटची पायरी एडिंबरोत, दुसरीची अमेरिकेत.

ही विसंगती डोळ्यांत भरण्यासारखी होती. १९०४च्या डिसेंबरात अलाहाबादेस अनेक मिशनांच्या प्रिस्बिटरी एकत्र येऊन ‘प्रिस्बिटेरियन चर्च इन इंडिया’ स्थापन झाले. पहिले मॉडरेटर होशियारपूरचे काली चरण चटर्जी. अपिलाची शेवटची पायरी आता भारतात आली. पैसा अजून परदेशी समित्यांकडेच होता.

१७/
१९०४ हे साल आणखी एका कारणाने ध्यानात ठेवावे. इमारत कोणाची, या प्रश्नाची ही दुसरी खेप. १९००मध्ये फ्री चर्चने दुसऱ्या एका प्रिस्बिटेरियन चर्चशी एकीकरण केले होते. मूठभर पाळकांनी ते नाकारले आणि खटला भरला. १ ऑगस्ट १९०४ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की ज्या मूळ तत्त्वांसाठी ही मालमत्ता दिली गेली, त्या तत्त्वांना जे धरून राहिले त्यांचीच ती. बहुमताने ठराव करून ती दुसऱ्या संस्थेत नेता येत नाही. एका निकालाने शेकडो चर्चे, महाविद्यालये आणि निधी त्या मूठभर लोकांचे झाले. गोंधळ इतका झाला की पुढच्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटला खास कायदा करून मालमत्तेची व्यवहार्य वाटणी करावी लागली.

सभागृहात बहुमत झाले म्हणजे एकीकरण झाले, असे धर्मसभा मानते. न्यायालय विश्वस्तनिधीचा कागद पाहते.

१८/
पुढचा टप्पा १९२४चा. प्रिस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल, म्हणजे या धाग्याच्या आरंभीचे जालना आणि अहमदनगर, ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ या एका छत्राखाली आले. प्रिस्बिटरीचे नाव ‘चर्च कौन्सिल’ झाले. कोल्हापूर चर्च कौन्सिल हे त्याचे परिचित उदाहरण. रचना बहुतांशी प्रिस्बिटेरियनच राहिली. स्वायत्ततेचा अभिमान बाळगणाऱ्या मंडळ्यांनी वरची सभा मान्य केली, एवढी त्या पद्धतीत ताकद होती.

निजामाच्या मराठवाड्याचा विचार करता येथे एक गोष्ट नोंदवायला हवी. नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद या जिल्ह्यांतील सामान्य माणसाने प्रौढ मताधिकाराने पहिले मत टाकले ते १९५२च्या सार्वत्रिक निवडणुकीत. त्याआधी राज्यकारभारात त्याला विचारणारे कोणी नव्हते. अशा मुलखात एक दलित मंडळी आपले वडील निवडते, इतिवृत्त लिहिले जाते, वरच्या सभेकडे दाद मागण्याची तरतूद असते, हे लहान प्रमाणावर का होईना पण लोकशाहीचे शिक्षण होते. त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. स्त्रिया या निवडीच्या बाहेर होत्या. खुद्द चर्च ऑफ स्कॉटलंडने स्त्रियांना वडील होण्याचा हक्क १९६६मध्ये दिला आणि पाळक होण्याचा १९६८मध्ये.

१९/
२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली. अँग्लिकन, युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स अशी सहा चर्चे एकत्र आली. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट शेवटच्या क्षणी बाहेर राहिले. म्हणून बिदर-उदगीरकडच्या मंडळ्या या एकीकरणात आल्या नाहीत, आणि पुढे १९८१मध्ये त्यांचे स्वायत्त ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ झाले.

प्रिस्बिटेरियनांसाठी ही सर्वांत कडू गोळी होती. नव्या चर्चला बिशप असणार होते. १५८१पासून ज्या पदाशी वैर धरले ते पद आता घरात घ्यायचे. तडजोड अशी झाली की बिशप राहील, पण तो घटनेने बांधलेला. त्याच्याबरोबर डायोसिसची कौन्सिल असेल, तीत निवडून आलेले सामान्य सभासद असतील, आणि सर्वांवर सिनॉड. ‘सिनॉड’ हा जुना ओळखीचा शब्द टिकला. ‘प्रिस्बिटरी’ गेली. सेशनच्या जागी पॅस्टोरेट कमिटी आली. पुढे मराठवाडा या नावाचा स्वतंत्र डायोसिसही झाला.

२०/
तडजोड कितपत यशस्वी ठरली यावर मतभेद आहेत आणि ते प्रामाणिक आहेत. एक बाजू म्हणते, विखुरलेल्या, गरीब मंडळ्यांना बिशपच्या कार्यालयामुळे एक आवाज मिळाला. दुसरी बाजू म्हणते, परदेशी मिशनांनी जाताना आपल्या जमिनी, शाळा, वसतिगृहे आणि बंगले ज्या विश्वस्तसंस्थांकडे सोपवले, त्यांच्या किल्ल्या बिशपभोवतीच्या लहान वर्तुळाकडे गेल्या. मिशन कौन्सिल गेली आणि तिची खुर्ची तशीच राहिली. दुसऱ्या बाजूच्या म्हणण्यात तथ्य अधिक दिसते, निदान रचनेपुरते. १८५०च्या दशकात कलकत्त्यात विचारलेला प्रश्न, मत एकीकडे आणि मालमत्ता दुसरीकडे का, १९७०च्या घटनेने सोडवला नाही. त्याचे स्थलांतर केले.

२१/
आणि मग तिसरी खेप. एकीकरणात सामील झालेल्या चर्चांपैकी गुजरातमधील ब्रदरन चर्चच्या काही सभासदांनी विलीनीकरणालाच आव्हान दिले. खटला दशकानुदशके चालला. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला : केवळ ठराव करून एक नोंदणीकृत संस्था दुसरीत विलीन होत नाही. सोसायटी नोंदणी कायद्यातील विसर्जनाची पद्धत पाळली पाहिजे, आणि मालमत्ता सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेची असेल तर मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०च्या तरतुदींतून जावे लागते. ते झाले नसल्याने त्या जुन्या चर्चची मालमत्ता नव्या चर्चकडे गेलेली नाही. १९०४च्या लॉर्ड्सनी जे म्हटले होते त्याच्याच जवळचा हा निष्कर्ष, फक्त निराळ्या कायद्याच्या वाटेने.

२२/
तोच अधिनियम महाराष्ट्रातल्या चर्चांनाही लागू आहे. मंदिर, दर्गा किंवा चर्च, सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंद असेल तर विश्वस्त बदलल्यावर कलम २२खाली चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो आणि तो मंजूर झाला तरच परिशिष्ट एकवर नवी नावे चढतात. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील नोंदींसाठी वरचे कार्यालय धर्मादाय सहआयुक्तांचे, लातूरला. एखाद्या मंडळीत दोन गट पडले की दोघेही आपापली निवडणूक घेतात, आपापली इतिवृत्ते लिहितात आणि आपापला चेंज रिपोर्ट दाखल करतात. सेशन, प्रिस्बिटरी, सिनॉड, असेंब्ली ही अपिलाची उतरंड चर्चमध्ये उरलेली नाही. सहायक आयुक्त, सहआयुक्त आणि उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ, अशी ती आता दुसरीकडे भरते. तेथे पहिल्याच तारखेला विचारले जाते, मूळ नोंदणीच्या वेळी दिलेली घटना कोठे आहे, आणि तीत सभासद कोणाला म्हटले आहे?